न्हाणीघरातील स्वदेशी

मध्यमवर्गीय मराठी घराच्या न्हाणीघरात तीस-चाळीस वर्षांपूर्वी ज्या वस्तू असत, त्यांची यादी लांबलचक नव्हती. बादली, तांब्या, पाय घासायची वज्री, शिकेकाईचा डबा आणि साबणाची एक वडी. त्या एका वडीवर सारे कुटुंब अंघोळ करी. झिजून पातळ झालेली चकती नव्या वडीच्या पाठीवर दाबून चिकटवली जाई. त्यात कोणाला कद्रूपणा वाटत नसे, कारण घरोघरी हेच चाले. आज त्याच न्हाणीघरातील फळीकडे पाहावे. बॉडीवॉशची बाटली, मुलांची निराळी, शाम्पूच्या दोन, त्यानंतर लावायच्या कंडिशनरची एक, बेसिनवर हँडवॉशचा पंप आणि तो पुन्हा भरण्यासाठी कपाटात ठेवलेली पिशवी. माणसे कमी झाली, बाटल्या वाढल्या. स्वच्छता त्या प्रमाणात वाढली, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

या बाटल्यांत काय असते? घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते आणि तिच्यातील पहिले नाव बहुधा पाण्याचे असते. ‘ॲक्वा’ असे लॅटिन नाव दिल्याने ते ओळखू येत नाही, एवढेच! जे पाणी घरच्या नळाला येते, तेच बाटलीत भरून शेकडो मैल ट्रकमधून वाहून आणले जाते. पाणी आले की त्यात जंतू वाढू नयेत म्हणून परिरक्षक रसायने आली, ते सांडू नये म्हणून प्लास्टिक आले. पंपात दोन-तीन प्रकारचे प्लास्टिक आणि बहुधा धातूची स्प्रिंगही असते. ती वेगळी कोण करणार? बाटली निदान भंगारवाला नेतो. ‘काटकसर’ म्हणून घेतलेली रीफिलची पिशवी मात्र अनेक थरांच्या प्लास्टिकची असल्याने तिला भंगारातही किंमत नाही. शाम्पूच्या पुडीचेही तेच. दोन बोटांएवढी ती पुडी एका स्नानापुरती उपयोगी पडते आणि नंतर गटारात, नाल्यात, नदीकाठच्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तुंबलेल्या गटारांतून काय निघाले, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत पेले आहेत, चमचे आहेत, कान साफ करायच्या काड्या आहेत. शाम्पूची पुडी नाही आणि हँडवॉशची बाटलीही नाही. जेथे शासनाचा हात पोहोचत नाही, तेथे गृहिणीचा हात पोहोचतो. म्हणून हा प्रश्न घरात सुटायचा आहे.

या विषयाला स्वदेशीची एक बाजू आहे आणि ती जरा अडचणीची आहे. साबणाची वडी ही मूळची परदेशी वस्तू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती विलायतेहून पेट्यांनी येऊ लागली. तिच्यात प्राण्यांची चरबी असे, म्हणून सोवळ्या-ओवळ्याच्या घरात तिला प्रवेश नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलांपासून साबण करून दाखवला. टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये देणारे तेच हे गोदरेज. १९१६ साली म्हैसूर संस्थानाने बंगळुरूला चंदनी साबणाचा कारखाना काढला, कारण युद्धामुळे चंदनाची निर्यात थांबली होती. परक्यांची वस्तू घेऊन ती आपल्या तेलात, आपल्या सुगंधात आणि आपल्या रीतीत बसवण्याचा पराक्रम त्या पिढीने केला. पुढे १९९३ मध्ये टाटा ऑइल मिल्सचे हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीनीकरण ठरले आणि मराठी माणसाच्या दिवाळीतील अभ्यंगस्नानाशी जोडलेला मोती साबणही बहुराष्ट्रीय छत्राखाली गेला. तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. ती योग्यच होती.

परंतु मालक भारतीय असला की स्वदेशीचे व्रत पूर्ण झाले, हा समज किती टिकणारा आहे? कडुनिंब, तुळस, हळद अशी नावे मिरवणारे भारतीय कंपन्यांचे हँडवॉश त्याच प्लास्टिकच्या बाटलीत, त्याच पंपासह येतात. ती बाटली घरात आणून स्वयंसेवकाचे घर निर्धास्त होत असेल, तर नफ्याची दिशा बदलली; चंगळवादाची बदलली नाही. ‘पंच परिवर्तना’त ‘स्व’ आणि पर्यावरण हे दोन्ही विषय आहेत. त्यांतील एक पाळताना दुसरा मोडत असेल, तर कोठेतरी चुकते आहे.

वडीवरचे नेहमीचे दोन आक्षेप मात्र झटकून टाकण्याजोगे नाहीत. पहिला, अनेकांनी हाताळलेला साबण अस्वच्छ असतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वडीवर मुद्दाम जंतू लावून लोकांना हात धुवायला सांगितले गेले. नंतर त्यांच्या हातांवर ते जंतू आढळले नाहीत. (संशोधक साबणनिर्मितीच्या क्षेत्रातलेच होते, हेही सांगितले पाहिजे.) घरात कोणाला त्वचेचा विकार असेल तर त्याची वडी वेगळी ठेवावी, एवढे पुरे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. साबण विरघळतो, गिळगिळीत होतो, ओट्यावर चिखल होतो. येथे दोष वडीचा नसून तिच्या आसनाचा आहे. तळ बंद असलेली प्लास्टिकची डबी म्हणजे साबणासाठी डबकेच. साबणदाणीला खाली छिद्रे किंवा पट्ट्या हव्यात, पाणी निथळून जावे एवढी उंची हवी आणि ती शॉवरच्या धारेपासून दूर हवी. लाकडी पट्ट्यांची दाणी सुंदर दिसते, पण कोकणातल्या पावसाळ्यात बुरसते. पितळी हिरवी पडते. स्टीलची जाळी टिकाऊ. आणि भाजलेल्या मातीची सच्छिद्र दाणी तर ओल शोषून घेते. पणत्यांचा मोसम सरला की रिकाम्या होणाऱ्या कुंभाराच्या चाकाला हे काम वर्षभर पुरेल. कोणी मागणी मात्र नोंदवली पाहिजे. कपड्यांचा लांब साबण दोऱ्याने कापून त्याच्या वड्या फळीवर वाळवत ठेवणाऱ्या आजीला हे शास्त्र ठाऊक होते: वाळलेली वडी सावकाश झिजते. अंघोळीची वडीही वेष्टन काढून काही आठवडे कपाटात ठेवावी. कपड्यांना मंद वास लागतो, तो वेगळा लाभ.

वेष्टनावर ‘टीएफएम’चा आकडाही पाहावा. पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के लागतो. ‘बेदिंग बार’ असे लिहिलेल्या वड्यांत त्याहून बराच कमी असू शकतो आणि मग त्या लवकर विरघळल्या, अशी तक्रार साबणजातीवर येते. वेष्टनालाही आता अनेकदा प्लास्टिकचा थर असतो, हे खरे. बचत गटांच्या साबणांवरही पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलेले दिसते. त्या भगिनींना कागदी वेष्टनाची विनंती ग्राहकाने केली, तर त्या नाही म्हणणार नाहीत.

२०२५ च्या प्रयागराज महाकुंभासाठी ‘एक थैला, एक थाळी’ अभियानातून घराघरांतून कापडी पिशव्या आणि स्टीलची ताटे गोळा झाली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२६-२७ च्या सिंहस्थाला निघणाऱ्या भाविकाच्या सामानात शाम्पूच्या पुड्यांची माळ असेल, तर ती गोदेच्या काठावरच पडणार. तीर्थातील स्नानाला साबण लागतच नाही. गोदापात्रात तो वापरूही नये. मुक्कामाच्या नळावरील अंघोळीसाठी मात्र ताट-पिशवीच्या जोडीला एक वडी आणि छिद्रांची स्टीलची डबी बरोबर घेता येते. संघ शिक्षा वर्गाला जाणारा शिक्षार्थी वर्षानुवर्षे तेवढेच घेऊन जात आला आहे.