क्रीडामंडळाचें द्वार व त्याचे द्वारपाल

कोणतेंही मंडळ स्थापन होतें तेव्हां त्याचें द्वार उघडें असतें. तें चार पावलें चालूं लागलें म्हणजे त्यास द्वारपाल लाभतो, आणि आणखी कांहीं वर्षें लोटलीं म्हणजे मंडळाच्या मूळ कार्यापेक्षां द्वारपालाचेंच महत्त्व वाढतें. हा अनुभव देवस्थानांचा आहे, व्यापारी संघांचा आहे, आणि महाविद्यालयांच्या क्रीडामंडळांचाही आहे. सामन्यांचें क्षेत्र वाढवावें काय, आणि वाढविल्यास कोणत्या संस्थांस त्यांत स्थान द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां खेळाडूंपुरता दिसतो. परंतु येरमाळ्यास दुकान थाटून बसलेल्या आणि आपला मुलगा किंवा मुलगी कळंबच्या अथवा धाराशिवच्या महाविद्यालयांत धाडणाऱ्या गृहस्थाच्या घरचाच तो प्रश्न आहे. त्याच्या मुलीनें मैदानावर उतरावें कीं मैदानाच्या कडेस उभें राहून टाळ्या वाजवाव्या, हें त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतें.

आमचें मत प्रथमच स्पष्ट सांगतों. स्थान कोणास द्यावें हें ठरवितांना संस्थेचें नांव, तिची थैली, तिचें शहर अथवा तिच्या चालकांची जात यांपैकीं कांहींही पाहूं नये. ती संस्था नियमानें खेळते काय, प्रामाणिकपणें खेळते काय, आणि आपल्या सर्व विद्यार्थ्यांस खेळूं देते काय, एवढेंच पाहावें. खोटी कसोटी लावली म्हणजे मंडळ कितीही विस्तारलें तरी त्यांतून न्याय निपजत नाहीं, हें आपल्याच प्रांताच्या इतिहासानें सिद्ध करून ठेविलें आहे.

मुंबईच्या पंचरंगी सामन्यांचें नांव जुन्या पिढीच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकिलें असेल. 1892 सालापासून यूरोपीय व पारशी यांचे वार्षिक सामने होत असत. 1907 सालीं हिंदूंचा संघ येऊन ते तिरंगी झाले. 1912 सालीं मुसलमानांचा संघ येऊन चौरंगी झाले. आणि 1937 सालीं देशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी इत्यादिकांचा मिळून ‘इतर’ या नांवाचा पांचवा संघ घेतल्यावर ते पंचरंगी झाले. द्वार तीन वेळां उघडलें, पण प्रत्येक वेळीं कसोटी एकच होती: तुझा धर्म कोणता? त्यामुळें पाहुणा वाढला तरी पंगत एक झाली नाहीं. पांचवा संघ घेण्याच्या पहिल्याच वर्षीं प्रेक्षागारांतील जागांच्या वाटणीवरून हिंदूंचा संघ रुसून बाहेर राहिला! 1940 सालीं महात्मा गांधींनीं या जातवार सामन्यांविरुद्ध आपलें मत जाहीर केलें, आणि 1946 सालीं ते कायमचे बंद पडले.

या इतिहासांतील दोन गोष्टी आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवाव्या. पहिली बाळू पालवणकर यांची. चांभार कुळांत जन्मलेला हा गोलंदाज पुण्यास गोऱ्यांच्या क्लबाच्या मैदानावर चाकरी करीत करीत तयार झाला. त्याच्या गोलंदाजीवर हिंदूंचे संघ जिंकले, पण त्याच हिंदु गड्यांच्या बरोबरीनें चहा पिण्यास त्यास मज्जाव होता; त्याचा पेला वेगळा, त्याची जागा वेगळी. 1911 सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेऊन तो परतला, तरी संघाचें नियमित नायकत्व त्यास लाभलें नाहीं. तें 1923 सालीं त्याचा धाकटा बंधु विठ्ठल यास मिळालें. म्हणजे जो संघ यूरोपीयांच्या द्वारीं उभा राहून समतेची मागणी करीत होता, त्यानें आपल्या घराच्या आंत दुसरें द्वार बसविलें होतें. सभासदत्व मागणाऱ्या प्रत्येक संस्थेनें आधीं आपलें आंतलें द्वार तपासावें, हा त्यांतील बोध.

दुसरी गोष्ट विजय हजारे यांची. ‘इतर’ संघास पुष्कळजण भरतीचा संघ समजत. त्या संघाकडून 1943 सालच्या अंतिम सामन्यांत सांगलीच्या या ख्रिस्ती तरुणानें हिंदूंविरुद्ध संघाच्या एकूण 387 धावांपैकीं 309 धावा एकट्यानें काढल्या. सामना ‘इतर’ संघ हरलाच. परंतु त्या संघास दुबळा म्हणून द्वाराबाहेर ठेविलें असतें, तर ती खेळी कोणी पाहिली असती? दुबळ्या संघांतही सबळ खेळाडू असतो, आणि संघास द्वार बंद केलें म्हणजे तें त्याच्यावरच बंद होतें.

धर्माची कसोटी गेली म्हणजे सर्व शुद्ध झालें, असें मात्र कोणी समजूं नये. पैशाची कसोटीही तितकीच विपरीत आहे. अमेरिकेंत महाविद्यालयीन खेळांचे मोठमोठे संघ आहेत. पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठांचा असा एक संघ 1915 सालापासून चालत आला होता. दूरदर्शनवरील प्रक्षेपणाच्या पैशाच्या लोभानें 2024 सालीं त्यांतील 12 पैकीं 10 विद्यापीठें बाहेर पडलीं आणि दोन मागें उरलीं. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया हीं पॅसिफिकच्या कांठचीं विद्यापीठें ‘अटलांटिक किनारा’ या नांवाच्या संघांत गेलीं, आणि ‘बिग टेन’ म्हणजे ‘थोर दहा’ या नांवाच्या संघांत 18 विद्यापीठें झालीं! नांवांतील भूगोल आणि गणित दोन्ही पैशानें बुडविलीं. एका सामन्यासाठीं अर्धें खंड ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यानें अभ्यास केव्हां करावा, हा प्रश्न विचारण्यास त्या सौद्यांत कोणास सवड झाली नसावी.

आतां योग्य विस्ताराचें उदाहरण पाहूं. 2018-19 च्या हंगामांत रणजी करंडकाच्या सामन्यांत 9 नवे संघ घेतले गेले आणि संघांची संख्या 28 वरून 37 झाली. ईशान्येकडील सहा राज्यें, बिहार, उत्तराखंड व पुदुच्चेरी यांस स्थान मिळालें. तेव्हां पुष्कळ जाणकारांनीं नाकें मुरडलीं. दर्जा घसरेल, आंकडे फुगतील, असें म्हटलें. या म्हणण्यांत कांहींच तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक सामने खरोखरीच एकतर्फी झाले. पण व्यवस्थापकांनीं एक शहाणपण केलें होतें. सर्व नवे संघ त्यांनीं एका वेगळ्या गटांत ठेविले, आणि त्या गटांत पहिल्या येणाऱ्यास वरचें द्वार खुलें ठेविलें. उत्तराखंडचा संघ पहिल्याच वर्षीं त्या द्वारानें उपउपांत्य फेरींत पोंचला. तेथें त्यास विदर्भानें डावानें हरविलें हें खरें. पण तो विदर्भ कोण? 1957-58 सालीं रणजी सामन्यांत आलेला आणि साठ वर्षें ज्याची गणना सामान्यांत झाली तोच तो संघ. 2017-18 सालीं तो प्रथम विजयी झाला, पुढच्या वर्षीं पुन्हां झाला, आणि 2024-25 सालीं तिसऱ्यांदा झाला. दहाव्या अथवा विसाव्या वर्षीं त्यास अपात्र ठरवून काढून टाकिलें असतें, तर नागपुरास करंडक केव्हांही आला नसता.

त्याच 2018 सालच्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयापुढें क्रिकेट नियामक मंडळाच्या सभासदत्वाचा वाद निकालास लागला. ‘एक राज्य, एक मत’ हा 2016 सालीं मान्य झालेला नियम शिथिल करून न्यायालयानें मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ या तिन्ही संघटनांस पूर्ण सभासदत्व परत दिलें. रेल्वे व सेनादल यांच्या बरोबरीनें भारतीय विद्यापीठ संघासही तें परत मिळालें. खेळाचें पोषण ज्यांनीं दीर्घकाळ केलें त्यांस नुसत्या नकाशाच्या नियमानें बाहेर काढूं नये, हें त्या निर्णयाचें तात्पर्य. विद्यापीठें हीं खेळाचीं पोषक आहेत हें देशाच्या सर्वोच्च न्यायपीठास पटलें. तेव्हां विद्यापीठांनीं तरी आपल्या लहान महाविद्यालयांस तोच न्याय लावावयास नको काय?

मराठवाड्याची गोष्ट याहून बोलकी आहे. 1948 सालापर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता आणि येथील विद्यार्थ्यास विद्यापीठ म्हणजे हैदराबादेचें उस्मानिया. 1958 सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. 1994 सालीं त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें. मुंबई-पुण्याच्या जुन्या विद्यापीठांच्या मानानें तें अगदीं नवें. त्या वेळीं ‘तुमचा पूर्वलौकिक काय?’ असें विचारून त्यास आंतरविद्यापीठ सामन्यांच्या द्वाराबाहेर ठेविलें असतें, तर आपणांस तें रुचलें असतें काय? मग जो न्याय आपण मुंबई-पुण्यापाशीं मागितला, तोच छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांतील तालुक्याच्या महाविद्यालयांस नाकारण्याचा अधिकार थोरल्या महाविद्यालयांस कोठून आला?

कागदावर तो कोणी नाकारीत नाहीं, असें उत्तर येईल. संलग्न महाविद्यालयांस आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत संघ पाठवितां येतो, हें आम्हांसही ठाऊक आहे. पण द्वार नेहमीं कागदाचेंच नसतें. सामने दूरच्या शहरीं ठेविले, मुक्कामाचा खर्च संघावर टाकिला, मुलींच्या निवाऱ्याची सोय केली नाहीं, आणि पत्र सामन्याच्या आदल्या दिवशीं पोंचलें, म्हणजे द्वार कुलूप न लावतांही बंद होतें. ज्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचा संचालक नाहीं, तेथें तें पत्र उघडणाराही कोणी नसतो. आणि क्रीडाशुल्क मात्र लहान-मोठ्या सर्व संस्थांच्या विद्यार्थ्यांकडून घेतलें जातें! व्यापारी वाचकांस हा हिशेब समजावून सांगणें नको. ज्याची वर्गणी त्याचा हक्क, हा पेढीचा साधा न्याय आहे.

आणि हा पहिला पायरीवरचा अडथळा सर्वांत घातक आहे. महाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो विभागीय सामन्यांस जातो. तेथील वरचे संघ अखिल भारतीय सामन्यांस जातात. आणि 2020 सालापासून भरणाऱ्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचा मार्गही त्यांतूनच जातो. खालची पायरी तुटली तर वरच्या पायऱ्या कितीही भक्कम असोत, त्या कोणाच्या उपयोगी पडणार?

या जिल्ह्यास खेळाडू नाहींत असें तर कोणी म्हणूंच नये. ज्या खो-खोचे नियम 1914 सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें बांधले, त्यास दोन खांब, एक सपाट मैदान आणि चपळ पाय एवढेंच भांडवल लागतें. त्या भांडवलावर धाराशिवच्या सारिका काळे भारताच्या संघाच्या नायिका झाल्या, आणि 2020 सालीं अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. जानेवारी 2025 मध्यें नवी दिल्लीस पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हां भारताच्या स्त्रियांच्या व पुरुषांच्या दोन्ही संघांनीं अंतिम सामन्यांत नेपाळास हरविलें. श्रीमंत क्रीडांगणांची वाट पाहत बसली असती, तर ही गुणसंपत्ति आजही अज्ञातच राहिली असती.

तेव्हां आमच्या सूचना अशा आहेत. सभासदत्वाची कसोटी चार प्रश्नांची असावी. संस्था वर्षभर नियमानें सराव घेते काय? तिच्या संघांत खरे विद्यार्थीच आहेत, कीं केवळ खेळापुरतीं नांवें घातलेले उसने गडी? मुलांच्या संघाबरोबर ती मुलींचा संघ उतरविते काय? आणि क्रीडाशुल्काचा हिशेब ती विद्यार्थ्यांपुढें मांडते काय? या चारांत जी उतरेल ती संस्था पात्र, मग तिचें मैदान स्वतःचें असो वा गांवच्या शाळेशीं सामाईक असो. जी उतरणार नाहीं ती अपात्र, मग तिची इमारत कितीही मजल्यांची असो.

दर्जाची चिंता करणाऱ्यांसाठीं दोन श्रेणी कराव्या. दरवर्षीं खालच्या श्रेणींतील पहिले दोन संघ वर चढावे व वरचे शेवटले दोन खालीं यावे. अशानें दुबळ्यास शिक्षण मिळेल, सबळास स्पर्धा मिळेल, आणि थोरलेपणाच्या गादीवर कोणास कायमचें लोळतां येणार नाहीं. सामन्यांचें यजमानपद तालुक्यातालुक्यांत फिरतें ठेवावें. दूरच्या संघांचा प्रवासखर्च सामाईक निधींतून द्यावा. आणि मुलींच्या मुक्कामाची सोय दाखविल्यावांचून कोणासही यजमानपद देऊं नये. खर्च वाढेल, हें आम्ही मान्य करितों. पण उद्घाटनाचे मंडप, हारतुरे व पाहुण्यांचीं भोजनें यांत जो पैसा जातो, त्यांतून कित्येक संघांच्या एस्. टी. चें भाडें निघेल.

शेवटीं येरमाळ्याच्या व आसपासच्या व्यापारी मंडळींस दोन शब्द. सामने आपल्या भागांत आले तर खाणावळ, वाहन व दुकान यांस चार पैसे मिळतील. पण तें आम्ही मुख्य कारण म्हणून सांगत नाहीं. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत येडेश्वरीचे लक्षावधि भाविक रानांत चुन्याचे खडे वेचतात. तेथें मोठ्या खड्याचा मान निराळा आणि लहान खड्याचा निराळा असा भेद नाहीं. ज्यानें वांकून वेचला त्याची सेवा रुजू झाली. ज्या गांवास ही रीत पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, त्यानें विद्यापीठाच्या क्रीडामंडळास ती शिकविण्यास संकोच कां करावा? आपल्या महाविद्यालयाच्या चालकांस क्रीडाशुल्काचा हिशेब विचारा, मुलींचा संघ आहे काय म्हणून विचारा, आणि नसेल तर तो उभारण्यास एक मैदान मोकळें करून द्या. द्वारपालास उत्तर देण्यास इतकें पुरे आहे. मैदानावर उतरलेल्या संघास फार दिवस द्वाराबाहेर ठेवणें कोणत्याही मंडळास साधत नाहीं.