बॅटरीपासून एक हाताच्या आत

लग्नसराई आली की मुक्ताईनगरच्या (वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून एदलाबादच) पोरांना गाडीत अॅम्प्लिफायर हवा असतो. आवाज किती असावा, हा वाद अब्बा आणि चिरंजीव घरात मिटवतील. आम्हाला काळजी आहे ती बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या लाल वायरीची. तिच्यावर मॅट असते, मॅटवर मुलं बसतात.

बॅटरी बाराच व्होल्टची, हात लावला तरी झटका बसत नाही, म्हणून तिची कुणाला भीती वाटत नाही. पण हीच वायर घासून बॉडीला टेकली तर क्षणात शेकडो अॅम्पिअर वाहतात आणि वरचं प्लास्टिक पेट घेतं. ‘अॅम्प्लिफायरला फ्यूज आहे की!’ असं फिटर सांगतो. आहे, पण दुसऱ्या टोकाला. वायर वाटेतच टेकली तर तो करंट त्या फ्यूजमधून जातच नाही. म्हणून वायरीसाठी वेगळा फ्यूज हवा, तोही बॅटरीपासून 18 इंचांच्या, म्हणजे एक हाताच्या आत. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी बुशही हवाच.

फ्यूज कितीचा? खोक्यावरचे ‘2000 वॅट’ विसरा, आरएमएसचा आकडा बघा. समजा 500 वॅट आरएमएसचा डी क्लास अॅम्प्लिफायर आहे. त्यातली वीस टक्के वीज उष्णतेत जाते असं धरलं तर बॅटरीकडून 625 वॅट लागतील. त्याला 13.8 व्होल्टने भागा: सुमारे 45 अॅम्पिअर. तांब्याची 16 चौरस मिलिमीटरची वायर आणि 60 चा फ्यूज पुरे. एबी क्लास असेल तर करंट बराच जास्त लागतो, वायरही जाड लागते. आपल्या खानदेशात मे महिन्यात बॉनेटखाली काय भट्टी असते ते सांगायला नको. शंका आली तर एक माप जाडच घ्यावं. काळी अर्थिंगची वायरही तेवढीच जाड, रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर कसलेली. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणारा फिटर असेल, तर गाडी तिथून काढावी.

फसवणूक होते ती वायरीत. वरून तांबं, आत अॅल्युमिनियम. आणि अॅल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्केच वीज वाहून नेतं. विकत घेण्याआधी एक तार चाकूने खरवडा. आत लाल निघाली तर तांबं, पांढरी निघाली तर परत द्या.