विधेयक वाचायला वेळ कोणाला आहे?

गेल्या अधिवेशनाच्या काळातली गोष्ट. सोमवारी सकाळी आठ वाजता मी एका आमदारांच्या सोप्यावर बसलो होतो. काम माझेच होते, कबूल करतो. भाच्याच्या घराच्या नोंदीचे प्रकरण कित्येक महिने एका कचेरीत पडून होते, त्यासाठी 'एक फोन' हवा होता. माझ्याआधी तीस-पस्तीस माणसे. कोणाला मुलाची बदली हवी, कोणाला जत्रेतल्या नाटकासाठी देणगी, कोणाच्या दारातला व्हाळ उपसायचा राहिलेला. एक आजी पेन्शनचा कागद घेऊन आली होती, तिला तर कोणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

टेबलावर विधानसभेचा जाडजूड लिफाफा होता. बंद! त्याच्यावर चहाचा कप. माझी नजर तिकडे गेलेली आमदारांनी पाहिली आणि ते हसून म्हणाले, "मास्तर, तुमीच सांगात, हें हांव केन्ना वाचूं?"

मला राग आला. पण घरी येताना वाटले, त्यांचे काय चुकले? साडेअकराला पर्वरीला सभागृहात बसायचे, संध्याकाळी दोन बारसे, एक फुटबॉलचे बक्षीस, रात्री कुणाच्या तरी घरी मयताला. यातले एक जरी चुकले तरी आपणच म्हणतो, "आता दिसत नाही हो तो, निवडून आल्यावर बदलला!" विधेयकावर बोलला नाही म्हणून आमदार पडला, असे गोव्यात कधी ऐकले आहे का तुम्ही?

आणि मग काय होते? २०२१ चे आठवा. तीन दिवसांचे पावसाळी अधिवेशन, त्याच्या शेवटच्या दिवशी, ३० जुलैला, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत झाले. तीस वर्षे राहणारा तो भूमिपुत्र, त्याला अडीचशे चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी! भाटकार, मुंडकार, कोमुनिदाद, सगळ्यांच्या मुळाशी जाणारा विषय. यावर प्रवर समिती नको? गावोगाव चर्चा नको? आपल्याला कळले ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. मग आरडाओरड, मोर्चे, आणि शेवटी 'भूमिपुत्र' हा शब्द काढू असे मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले. ते विधेयक कायदा झालेच नाही. नगर नियोजन कायद्याचे कलम १७(२) मात्र २०२३ मध्ये झाले, आणि त्याखालचे नियम मोडून काढायला मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला लागावे लागले. सभागृहात चाळीस माणसे कशाला बसवली आहेत मग? वाचायचे काम न्यायाधीशांनी करायचे?

एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. माझ्या शेजाऱ्याचे घर आज उभे आहे ते कोणाच्या फोनमुळे नव्हे. १९७५ च्या मुंडकार कायद्यामुळे. त्याच्या आजोबांना भाटकाराने हाकलले नाही, कारण तेव्हा पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात बसणाऱ्या सभागृहाने कलमे लिहून ठेवली. १९६४ चा कूळ कायदाही तसाच. त्या कायद्यांतही त्रुटी होत्या, अजून खटले चालू आहेत, पण एका कलमाने जेवढी घरे वाचली तेवढी शंभर आमदारांच्या शंभर फोनांनी वाचली नसती.

"पण लोकांची कामे करणे हेच आमदाराचे काम ना?" असे एक मित्र म्हणाला. हो, पण कसे? एकाच मतदारसंघातली दहा माणसे घराच्या नोंदीसाठी येत असतील, तर तो दहा फोनांचा विषय नाही. तो तारांकित प्रश्नाचा विषय आहे. शुक्रवारी खाजगी सदस्यांचे कामकाज असते, तिथे ठराव आणता येतो, दुरुस्तीचे विधेयक मांडता येते. सोमवारचा सोपा हीच खरी त्याची अभ्यासिका, फक्त तिथे ऐकलेले शुक्रवारपर्यंत पोचले पाहिजे. फोनाने एकाचे होते, आणि रांगेतला दुसरा मागे जातो.

आणखी एक. विधेयक येते इंग्रजीत. राजभाषा कायदा १९८७ चा, पण कोकणी आणि मराठी वाचणाऱ्या माणसाला आपल्याच जमिनीचे विधेयक वाचता येत नाही. भाषेवरून आपण इतकी वर्षे भांडलो, यावर कोण भांडला? अधिकृत पाठ इंग्रजीत ठेवा हवा तर, पण दोन पानांचा सारांश मराठीत आणि कोकणीत पंचायतीच्या फळ्यावर आठ दिवस आधी लावायला कोणती घटना आडवी येते?

हेच मागायला मी पुन्हा एका सोमवारी जाणार आहे. देणगी मागणाऱ्यांच्या रांगेतच बसेन. तुमच्या मतदारसंघात तुम्हीही जा, लिफाफा कुठे आहे ते विचारा.

भाच्याचे म्हणाल तर फोन झाला. चौथ्या दिवशी फाईल हलली. कोणाची खाली गेली ते मी विचारले नाही.