पाया खोदण्याआधी धुराला वाट द्या

आलापल्ली, नागेपल्ली आणि आसपासच्या टोल्यापाड्यांत ज्यांना घरकुल मंजूर झाले आहे, त्या प्रत्येक कुटुंबाला ही कळकळीची विनंती आहे. गवंडी आखणीची दोरी लावायच्या आत हे वाचा, आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्याच्या कार्यक्रमातून राज्यातल्या 20 लाख कुटुंबांना पंतप्रधान आवास योजनेची मंजुरीपत्रे दिली गेली. इतकी घरे एका दमात उभी राहण्याची वेळ पुन्हा लवकर येणार नाही. म्हणून त्यांतली एक मोठी चूक आत्ताच थांबवायला हवी.

जुने घर आठवा. बांबूच्या ताटव्यांचा कूड, त्यावर शेणामातीचे लिंपण, वर कवेलू. चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून निघून जायचा. सगळा नाही, पण बराच. नव्या घराला विटा-सिमेंटच्या भिंती, वर टिन किंवा स्लॅब, आणि एकच लहान खिडकी. ओल येते म्हणून पावसाळ्यात तीही पोते लावून बंद. चूल मात्र तीच, आणि सरपण ओले. धूर छताला भिडतो, पसरतो आणि खाली उतरून फुंकणी धरलेल्या बाईच्या तोंडावर येतो. तिच्या पाठीशी लेकरू असते. दोन पावसाळ्यांत लिंटलच्या वरची भिंत काळी पडते. तेच काजळ लेकराच्या छातीतही जात असते.

धुराने होणारा लेकरांचा न्यूमोनिया आपल्या जिल्ह्याला नवा नाही. बालकांचा न्यूमोनिया गावातच ओळखून बरा करता येतो, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतच दाखवले; ते काम 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उपचाराची वाट आपण जगाला दाखवली, पण लेकराला आजारी पाडणारा धूर घरात तसाच राहिला. घरातल्या धुराने 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून अधिक बालके होती. ग्वातेमालाच्या डोंगराळ गावांत उघड्या चुलीच्या जागी धुराड्याची चूल दिली, तेव्हा बालकांच्या अंगावर जाणारा धूर निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया एक तृतीयांशाने घटला. एवढे काम एका धुराड्याने केले.

गॅस आहे ना, असे कोणी म्हणेल. उज्ज्वलाची शेगडी पुष्कळ घरांत आहे, आणि ती जरूर वापरा. चहा, दूध, लेकराचा भात गॅसवरच करा. पण जंगलातले सरपण फुकट मिळते आणि सिलिंडरला रोख पैसे लागतात, म्हणून चूल इतक्यात जाणार नाही. ती राहणार असेल तर नीट राहू द्या. अंघोळीचे पाणी तापवायची चूल सांदवाडीत, छपरीखाली न्या. दिवसातला बराच धूर तिथेच कमी होईल. स्वयंपाकाची चूल धुराड्याची घाला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची ‘लक्ष्मी’ चूल अशीच आहे. धुराडे छताच्या वर निघाले पाहिजे आणि त्यातले काजळ वेळोवेळी काढले पाहिजे. धुराडे साफ न केल्यामुळेही अशा कितीतरी चुली आजवर मोडून फेकल्या गेल्या.

आता पैशाचे. आपल्या जिल्ह्यात घरकुलाला 1 लाख 30 हजार, शौचालयाला 12 हजार, आणि 2025 पासून राज्याचे आणखी 50 हजार, त्यांतले 15 हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. पीएम-जनमन योजनेतून माडिया कुटुंबांना 2 लाख. तरीही घर पुरे होता होता कर्ज होते, कारण सिमेंट, लोखंड आणि विटा लांबून येतात आणि वाहतूकच पैसे खाते. गावठी भट्टीची वीट जवळ मिळते, पण ती भाजायला जंगलातलेच लाकूड जळते.

मग जवळच्या मातीचेच घर का नाही? मातीचे घर ‘कच्चे’ ठरवून हप्ता अडवतील, ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. योजनेच्या नियमात पक्के घर म्हणजे साधारण देखभालीत किमान 30 वर्षे टिकणारे घर. ते सिमेंटचेच हवे, असे कुठेही नाही. थोडे सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांना भट्टी लागत नाही. चंद्रपूरच्या 2920 मेगावॉटच्या वीजकेंद्रातून राखेचे डोंगर निघतात, आणि अशा केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत राखेच्या विटा वापरा, असा केंद्र सरकारचाच आदेश आहे. आपण त्या परिघात आहोत. एकेकट्याने विटा आणल्या तर भाडे परवडणार नाही. दहा घरकुलवाल्यांनी मिळून ट्रक मागवा. वाळू पाच ब्रासपर्यंत मोफत आहे, ती सोडू नका.

छपराला बांबू घ्या. ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्यांच्या क्षेत्रातला बांबू त्यांचाच आहे. तीन वर्षांचा जून बांबू थंडीत तोडा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवा, म्हणजे भुंगा लागणार नाही. हे काम शिकवणारे केंद्र चंद्रपूरजवळ चिचपल्लीला आहे. 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी आपल्या जंगलातले सागवान गेले, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच जंगलाशेजारच्या घरकुलाला टिनाचे दार बसावे, हे मला सहन होत नाही. निस्तार हक्काचे लाकूड मागायला लाजू नका.

ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यांना विनंती, की नकाशा देताना चुलीची जागा आणि धुराड्याचे भोक त्यावर दाखवून द्या. 25 चौरस मीटरच्या घरात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेलीच आहे. गवंडी बांधवांनो, लिंटलच्या वर समोरासमोर दोन झरोके ठेवा. त्याला फार तर अर्ध्या दिवसाची मजुरी लागेल. सरपंच आणि पेसा ग्रामसभांनी पुढच्याच सभेत ठराव घ्यावा: एकत्र विटा, एकत्र बांबू, आणि धुराच्या वाटेशिवाय एकही घरकुल नाही. सभेला बायांना पुढे बसवा आणि चूल कुठे हवी ते त्यांना आधी विचारा. पावसाळा लागला की पर्लकोटा नदी भरते, रस्ते तुटतात आणि बांधकाम दिवाळीपर्यंत अडकते. म्हणून सभा याच आठवड्यात बोलवा.