भोंगा, शिट्टी आणि अडीच मिनिटे

पावसाळी बंदी उठल्यावर कोकणातील मासेमारी नौका पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. इंजिन, जाळी, डिझेल व बर्फ यांसाठी नाखवा प्रसंगी कर्जही काढतो. मात्र अंधारात वा धुक्यात ‘येथे माणसे आहेत’ हे इतरांना कळविणारे साधन खरेदीच्या यादीत बहुधा शेवटी येते. वस्तू स्वस्त म्हणून तिची गरजही कमी, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी 1972 साली ठरलेले आंतरराष्ट्रीय नियम 1977 मध्ये अमलात आले. त्यांनुसार 12 मीटर वा त्याहून लांब नौकेवर विहित प्रतीचा भोंगा सक्तीचा आहे. लहान होडीला ती सक्ती नाही; परंतु परिणामकारक ध्वनिसंकेताचे काहीतरी साधन तिच्यापाशी असलेच पाहिजे. 20 मीटरहून कमी लांबीच्या नौकेच्या भोंग्याचा पल्ला अर्धा सागरी मैल, म्हणजे सुमारे 926 मीटर, धरला आहे. ताशी 12 सागरी मैलांनी येणारे जहाज हे अंतर अडीच मिनिटांत तोडते. तांडेलाच्या हाती उरतो तो एवढाच वेळ.

मग साधन कोणते निवडावे? विजेचा भोंगा मोठ्याने वाजतो, पण बॅटरीत पाणी शिरताच मुका होतो. गॅसच्या डब्यावरचा भोंगा वापरण्यास सोपा. मात्र डबा रिकामा झाल्याचे ऐनवेळीच कळण्याची भीती असते. तोंडाने फुंकायच्या शिट्टीचा पल्ला तोकडा, तथापि तिला ना वीज लागते ना गॅस. आत गोळी असलेली शिट्टी ओली होऊन अडकू शकते. म्हणून बिनगोळीची प्लॅस्टिकची शिट्टी अधिक भरवशाची. पाण्यात पडलेल्या खलाशाची हाक लवकरच क्षीण होते. शिट्टीला मात्र थोडा श्वासही पुरतो. तेव्हा नौकेसाठी भोंगा आणि प्रत्येक जीवरक्षक जाकिटाला शिट्टी, हीच योग्य विभागणी होय.

प्रचंड जहाजाच्या बंदिस्त सुकाणूकक्षात हा आवाज पोचणार कसा, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. 13 एप्रिल 2021 रोजी मंगळूरजवळच्या समुद्रात मालवाहू जहाज आणि मासेमारी नौका यांची टक्कर झाली. नौकेवरील 14 जणांपैकी केवळ 2 वाचले. परंतु याच नियमांनी प्रत्येक जहाजावर डोळ्यांनी आणि कानांनीही अखंड पहारा ठेवण्याचे बंधन घातले आहे. लहानाने आवाज द्यावा आणि मोठ्याने तो ऐकावा, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. एकाने ती टाळल्याने दुसरा मुक्त होत नाही.

महाराष्ट्रात मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. नौका चालविण्यास जे शासन हातभार लावते, त्याने ती सुखरूप परतावी म्हणूनही थोडा खर्च करणे न्याय्य ठरेल. मच्छीमार सहकारी संस्थांनी भोंगे व शिट्ट्या एकगठ्ठा खरेदी कराव्यात आणि हंगामापूर्वी प्रत्येक नौकेवर त्या वाजवून पाहाव्यात. यास लागणारी रक्कम किरकोळ आहे. न केल्यास होणारी हानी मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात मावणारी नाही.