एलेव्हेशन पुण्याचं, ऊन बीडचं

गेल्या रविवारी बीडहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, तिकडचं एखादं भारी एलेव्हेशन पाठव की. गुत्तेदार म्हणतोय, फोटो द्या, तसंच्या तसं उभं करून देतो." आमच्या घराशेजारचाच प्लॉट त्याने घेतलाय.

मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. कारण सहा वर्षांपूर्वी असाच एक फोटो मी पाठवला होता, आणि त्या फोटोत सध्या माझे आईवडील राहतात.

अण्णा रिटायर झाले, फंडाचे पैसे आले आणि घर बांधायचं ठरलं. इंजिनिअर मुलगा म्हणून (सॉफ्टवेअरचा असलो म्हणून काय झालं!) डिझाइनचं खातं माझ्याकडे आलं. मी बालेवाडीतल्या एका बंगल्याचा फोटो काढून पाठवला. पेटीसारखा आकार, दर्शनी बाजूला भली मोठी काच, छज्जा नाही. छज्जा म्हणजे जुनाट ना! घर तसंच्या तसं झालं. वास्तुशांतीला पाहुणे खूश, मी त्याहून खूश.

एक गोष्ट कुणी पाहिली नव्हती. बीडच्या प्लॉटला रस्ता पश्चिमेला आहे, म्हणजे काचही पश्चिमेला. एप्रिल उजाडला की दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसायची सोय नाही. अण्णांनी आधी जाड पडदे लावले, मग काचेच्या बाहेरून हिरवं शेडनेट बांधलं. झालं, एलेव्हेशन शेडनेटखाली गेलं. कूलर रात्रंदिवस चालतो. कूलरला पाणी लागतं, आणि मे महिन्यात आमच्या बाजूला पाणी म्हणजे टँकर. ज्या महिन्यात पाणी नसतं, नेमक्या त्याच महिन्यात पाणी पिणारं घर मी बांधून दिलं!

आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट न वाचता कोड कॉपी-पेस्ट करणं म्हणतात. फरक एवढाच की इथे बग सापडला तरी पुढचं रिलीज नसतं. फंडाचे पैसे एकदाच मिळतात.

प्लॉटची रिक्वायरमेंट वाचायची म्हणजे काय? माझ्या मते तीनच गोष्टी. ऊन, माती आणि पाणी.

आधी ऊन. बीड साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला उन्हाळ्यात साधा दोन फुटी छज्जा पुरतो. पश्चिमेचं तसं नाही. ते ऊन तिरपं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. त्या बाजूला जिना, बाथरूम, अडगळीची खोली टाकावी, खिडक्या लहान ठेवाव्यात. रस्ताच पश्चिमेला असेल तर दार तिकडेच येणार, त्याला इलाज नाही. पण मग पुढे खोल ओसरी हवी आणि अंगणात एक लिंबाचं झाड. आणि स्लॅब! पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. त्यावर पांढरा चुना किंवा चायना मोझॅक केलं तरी फरक पडतो. काचेच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

मग माती. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानायचे, काळी आणि पांढरी. काळी पेरायला, पांढरी राहायला. कारण सरळ आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या भिंतीलाही सोबत घेऊन जाते. आजचे एनए प्लॉट बहुतेक काळीतच पडतात, कारण शहराकडेचं शेतच विकलं जातं. काळीत घर बांधता येत नाही असं नाही. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर त्या मातीला मानवेल असा पाया करावा लागतो आणि खोल्यांखालची काळी काढून मुरूम भरावा लागतो. हे काम फोटोत दिसत नाही, म्हणून पैसे तिथेच वाचवले जातात. आमच्या हॉलच्या कोपऱ्यातली भेग दर मे महिन्यात रुंद होते आणि दर दिवाळीला तिच्यावर पुट्टी बसते.

इथे कुणीतरी म्हणेलच, "मग आपलं जुनं माळवद काय वाईट होतं?" आजोळचं पाच खणी माळवद मलाही आठवतं. हातभर जाड भिंती, देवळ्या, वर पांढऱ्या मातीचं धाबं, छतातलं सानं. गरम हवा वर चढून सान्यातून निघून जायची. चार्ल्स कोरिया यांनी 1960 च्या दशकात अहमदाबादला 'ट्यूब हाउस' बांधलं, त्यातही उतरत्या छताच्या माथ्याशी गरम हवेला अशीच वाट ठेवली होती.

पण 30 सप्टेंबर 1993 ची पहाटही मला आठवते. मी सात वर्षांचा होतो. किल्लारीच्या भूकंपाने आम्हीही उठून अंगणात पळालो आणि पुढचे कित्येक दिवस बाहेरच झोपलो. लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं गेली, ती मुख्यतः घराखाली गाडली जाऊन. जाड भिंतींचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, वर दरवर्षी नवी माती टाकून वाढत गेलेलं ओझं. बऱ्याच ठिकाणी भिंती पडल्या पण खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला, हेही तेव्हा दिसलं. पण भीती मनात बसली ती बसलीच. आजी शेवटपर्यंत माळवदाखाली झोपली नाही. मराठवाड्याने स्लॅब धरला तो निव्वळ फॅशन म्हणून नाही. पुण्यात एसीत बसून मातीच्या घराचं कौतुक करणाऱ्यांनी (यात मीही आलो) हे विसरू नये.

म्हणून माझं म्हणणं जुनं घर परत आणा असं नाही. आरसीसीचा सांगाडा राहू द्या. पण माळवद बांधणारा ऊन-वाऱ्याचा विचार करायचा, तो विचार तरी सोडू नका.

राहिलं पाणी. शंभर चौरस मीटरचं छत धरा. दुष्काळी पट्ट्यातही बऱ्या वर्षी 600 मिलिमीटर पाऊस पडतो. गुणाकार केला तर 60,000 लिटर, वीस टक्के वाया गेले तरी 48,000. म्हणजे पाच हजार लिटरचे साडेनऊ टँकर आपण पाइपाने गटारात सोडतो! ज्या बीडात सोळाव्या शतकात खजाना बावडी बांधून जमिनीखालच्या पाटाने पाणी शेतात नेलं, तिथे आपण हे करतोय. टाकी बांधा, नाहीतर निदान बोअरशेजारी शोषखड्डा तरी करा.

काल रात्री मी भावाला एलेव्हेशनऐवजी तीन प्रश्न पाठवले. रस्ता कोणत्या दिशेला? मुरूम किती फुटांवर लागतो? छताचं पाणी कुठे जाणार? उत्तर आलं, "दादा, एलेव्हेशन?"

मग मी त्याला अण्णांना फोन करायला सांगितला. अण्णांनी त्याला मेमध्ये दुपारी चार वाजता आमच्या हॉलमध्ये चहाला बोलावलंय. प्लॅन तोपर्यंत थांबवतो म्हणालाय. बघू.