वास पावसाचा की वाळवीचा?

जुलैमध्ये कोल्हापुरात कुठल्याही घराचं दार उघडा, वास तोच. ओल्या छत्र्या, न वाळलेले टॉवेल, भिंतीतली ओल. त्यामुळे मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी लाकडी कपाटातून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तेव्हा आई म्हणाली, ‘‘पाऊस आहे गं, येणारच!’’ मी चार डांबरगोळ्या टाकल्या आणि ऑफिसला पळाले.

तीन आठवड्यांनी खालच्या कप्प्यातली फाइल काढली. वरून ठणठणीत. आत घराच्या खरेदीखताची चाळण! नशीब, ती झेरॉक्स होती. आई-बाबांच्या लग्नाच्या अल्बमची मात्र कॉपी नव्हती.

तर मंडळी, पावसाळ्यात नाकावर विसंबू नका. दोन दिवस ऊन पडलं, खिडक्या उघड्या ठेवल्या, तरी एकाच कोपऱ्यातून वास येतोय? मग बॅटरी घेऊन खाली बसा. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती जमिनीतून लाकडापर्यंत मातीचा बोगदा बांधत येते. पेन्सिलीएवढी ती रेघ स्कर्टिंगवर, चौकटीमागे, बाथरूमलगतच्या भिंतीवर शोधा. चौकटीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटा. पोकळ आवाज आला की समजा. खिडकीत गळून पडलेल्या पंखांचा सडा दिसला, तर तेही झाडण्याआधी बघा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मुंगीचे पुढचे दोन मोठे. लाकडाखाली खसखशीसारखे दाणे असतील, तर ती माती न लागणारी, लाकडातच राहणारी जात.

बोगदा सगळा खरवडू नका (मी तेच केलं, मूर्खासारखं). थोडासाच तोडा. चार-पाच दिवसांत पुन्हा बांधला गेला, तर आत वर्दळ चालू आहे. नाही बांधला, तरी वाळवी गेली असं धरून चालू नका.

आईचा उपाय रॉकेल. त्याने समोरच्या मरतात, राणी जमिनीखाली सुखरूप. शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्यांनी भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडलं. २०१९ किंवा २०२१च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यांनी तळमजल्याच्या चौकटी एकदा ठोकून बघाच. ओल राहिलेलं लाकूड वाळवीला फार आवडतं.

कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे आहे. अल्बममधले सव्वीस फोटो वाचले. मुंडावळ्यांचा गेला.